बुडीत क्षेत्रातील मंदिरांचे स्थलांतर

धरण बांधल्यामुळे पाण्याखाली जाणाऱ्या प्रदेशातील मंदिर सुटे करून, त्याचे दगड दुसऱ्या जागी नेऊन पूर्वीच्याच रचनेप्रमाणे पुन्हा उभे करणे, याला बुडीत क्षेत्रातील मंदिराचे स्थलांतर असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी धरणे बांधली जाऊ लागल्यावर ही पद्धत जगभर रूढ झाली. इजिप्तमधील नाईल नदीकाठचे देबोदचे मंदिर आज स्पेनच्या माद्रिद शहरातील एका उद्यानात उभे आहे. कृष्णा व तुंगभद्रा यांच्या संगमावरील कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर तेलंगणातील आलमपूर येथे हलविण्यात आले. गोव्याच्या सांगे तालुक्यातील कुर्डी गावचे महादेव मंदिर साळावली धरणामुळे स्थलांतरित झाले. महाराष्ट्रात मात्र धरणाच्या पाण्यात गेलेली बहुतेक जुनी मंदिरे जागेवरच राहिली. देव नव्या गावठाणात गेला आणि दगड पाण्यात राहिले, असाच येथील सर्वसाधारण अनुभव आहे.

मंदिराचे स्थलांतर आणि देवाचे स्थलांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने मंदिर म्हणजे त्याची वास्तू. भाविकाच्या दृष्टीने ती वास्तू दुय्यम असते, प्रतिष्ठापित देवता मुख्य असते. बुडीत क्षेत्रातील अनेक निर्णयांमागे हा फरक दिसून येतो.

गोव्यातील पूर्वपरंपरा

देवता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचा मोठा इतिहास गोव्याला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, सासष्टी व बारदेश या भागांतील मंदिरे पाडण्यास सुरुवात केली, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या देवता नदीपलीकडील प्रदेशात नेल्या. हा प्रदेश तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली नव्हता. कुशस्थळी म्हणजे आजच्या कुठ्ठाळी येथील मंगेश इ.स. १५६० मध्ये फोंडा महालातील प्रियोळ येथे गेला. केळशीची शांतादुर्गा कवळे येथे आणि वेर्णे येथील म्हाळसा मार्दोळ येथे स्थिरावली. कदंब राजघराण्याचे कुलदैवत असलेला सप्तकोटीश्वर दिवाडी बेटावरून नार्वे येथे नेण्यात आला. नार्वे येथील मंदिराचा जीर्णोद्धार इ.स. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला.

या सर्व प्रसंगी देव हलले, वास्तू हलल्या नाहीत. आज ज्या मंदिरांसमोर यात्रेकरूंची गर्दी होते ती सर्व नव्या जागी नव्याने बांधलेली आहेत. मूळ ठिकाणी काही जागी केवळ जोत्याचे अवशेष, काही जागी चर्च, तर काही जागी नुसता माळ आहे. तरीही मंगेशी किंवा कवळे येथील देवस्थान ‘मूळ’ नव्हे असे कोणी म्हणत नाही. जुन्या गावाशी असलेले नाते देवतेच्या नावात, मानाच्या परंपरेत आणि कुळांच्या स्मृतीत टिकून राहिले. चारशे वर्षांनंतर त्याच गोव्यात धरणामुळे एक मंदिर हलविण्याची वेळ आली, तेव्हा याच्या उलट घडले. या वेळी दगड काळजीपूर्वक नेण्यात आले.

कुर्डी

कुर्डी हे दक्षिण गोव्यातील सांगे तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले गाव होते. साळावली ही झुआरी नदीच्या खोऱ्यातील नदी या गावातून वाहत असे. भातशेती, नारळ, काजू, आंबा व फणस यांनी समृद्ध असलेल्या या गावात सुमारे तीन हजार लोकवस्ती होती. हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान अशा तिन्ही समाजांचे लोक तेथे राहत आणि त्यांची आपापली प्रार्थनास्थळे होती. हिंदुस्थानी संगीतातील जयपूर-अत्रौली घराण्याच्या श्रेष्ठ गायिका मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांचे हे जन्मगाव. ‘कुर्डीकर’ या आडनावातून हे गाव महाराष्ट्रातील रसिकांच्या ओठी आले, पण त्या नावाचे गाव आता वर्षातील बहुतेक काळ पाण्याखाली असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

गोवा मुक्त झाल्यानंतर दक्षिण गोव्यात सिंचन व पिण्याच्या पाण्याची सोय करण्यासाठी साळावली प्रकल्पाची आखणी झाली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी गावाला भेट देऊन ग्रामस्थांना या प्रकल्पाची गरज समजावून सांगितली होती. सत्तरच्या दशकात बांधकाम सुरू झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास गाव रिकामे झाले. धरणाची उंची सुमारे ४२ मीटर व लांबी सुमारे एक किलोमीटर आहे. जलाशयाचे क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस किलोमीटर असून त्यात कुर्डीसह अनेक गावांची जमीन गेली. विस्थापितांना वाडे व वालकिणी येथील वसाहतींत जमीन व भरपाई देण्यात आली. धरणाचे पाणी मडगावसह दक्षिण गोव्यातील शहरांपर्यंत पोहोचले, परंतु पुनर्वसित वस्त्यांना दीर्घकाळ विहिरींवरच विसंबून राहावे लागले, अशी विस्थापितांची तक्रार आहे.

कुर्डीच्या परिसरातून दोन प्राचीन वस्तू बाहेर काढण्यात आल्या. पहिली म्हणजे महादेवाचे दगडी मंदिर. दहाव्या-अकराव्या शतकातील, कदंबकाळाशी जोडले जाणारे हे लहान मंदिर संरक्षित वास्तू होते. त्याचे दगड सुटे करून मूळ स्थानापासून सुमारे १७ किलोमीटर अंतरावर, साळावली धरणाच्या परिसरात ते पुन्हा उभारण्यात आले. गोव्यात कदंबकाळातील दगडी मंदिरे अत्यल्प शिल्लक आहेत. तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिर जंगलात आडबाजूला असल्याने वाचले आणि कुर्डीचे मंदिर मुळात वाचलेले असूनही पाण्यात जाणार होते. म्हणून या लहानशा वास्तूसाठी इतका खटाटोप केला गेला.

दुसरी वस्तू म्हणजे जांभ्या दगडात कोरलेली मातृदेवतेची भव्य आकृती. ती जमिनीलगतच्या जांभ्यातच कोरलेली होती, त्यामुळे ती उचलण्यासाठी भोवतालचा खडक कापावा लागला. ही मूर्ती पुढे वेर्णे येथे नेऊन ठेवण्यात आली. सोळाव्या शतकात जेथून म्हाळसा देवी बाहेर पडली, त्याच गावात चारशे वर्षांनी दुसऱ्या गावची एक मातृदेवता येऊन राहिली, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

गावातील सोमेश्वराचे छोटे देवस्थान मात्र हलविण्यात आले नाही. दर वर्षी उन्हाळ्यात जलाशयाची पातळी खाली जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत कुर्डीची जमीन उघडी पडते. घरांची जोती, तुळशीवृंदावने, विहिरी, माडांचे बुंधे आणि वाटांच्या खुणा दिसू लागतात. मोगूबाईंच्या घराचे अवशेषही दाखविले जातात. मे महिन्यात जुने ग्रामस्थ आणि त्यांची पुढची पिढी येथे जमते. सोमेश्वरापुढे उत्सव होतो आणि ख्रिस्ती समाजही आपल्या प्रार्थनास्थळाच्या जागी सण साजरा करतो. पावसाला सुरुवात झाली की काही आठवड्यांत सर्व पुन्हा पाण्याखाली जाते. संरक्षित, कोरड्या जागी उभे असलेले महादेव मंदिर पर्यटक पाहतात, पण गावकरी जमतात ते वर्षातील दहा-अकरा महिने बुडालेल्या सोमेश्वराजवळ. स्थलांतराने काय वाचते आणि काय वाचत नाही, हे कुर्डीइतके स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण भारतात सापडणे कठीण.

स्थलांतराची पद्धत

दगडी मंदिर हलविण्याचे काम नोंदणीपासून सुरू होते. प्रथम वास्तूचे तलविन्यास, उभे छेद व प्रत्येक भिंतीचे आलेख काढतात, छायाचित्रे घेतात आणि दगडांच्या प्रत्येक थराला व त्या थरातील प्रत्येक दगडाला क्रमांक देतात. हा क्रमांक आराखड्यावर आणि प्रत्यक्ष दगडावर असा दोन्हीकडे लिहिला जातो. दगड उतरविण्याचा क्रम बांधकामाच्या उलट असतो. आधी कळस व आमलक, मग शिखराचे थर, छत, तुळया, स्तंभ, भिंती आणि शेवटी अधिष्ठान, म्हणजे जोते. उतरविलेले दगड थरांनुसार वेगवेगळे रचून ठेवावे लागतात. क्रमांक पुसले गेले किंवा दोन थर मिसळले, तर पुढे वर्षानुवर्षांचे काम वाढते.

दख्खनमधील जुन्या मंदिरांची एक सोय येथे उपयोगी पडते. ज्या बांधणीला महाराष्ट्रात ‘हेमाडपंती’ म्हटले जाते, तिच्यात घडीव दगड चुन्याविना, खाचा व कुसवे यांच्या आधारे एकमेकांत बसविलेले असतात. चुन्याने घट्ट झालेल्या भिंतीपेक्षा अशी भिंत सुटी करणे सोपे जाते. अडचण असते ती भिंतीच्या पोटात. बाहेरचा व आतला असे दोन घडीव पदर आणि त्यांच्यामध्ये अनघड दगडांची भर, अशी बहुतेक भिंतींची रचना असते. ही भर जशीच्या तशी नेता येत नाही. नव्या जागी ती नवीनच भरावी लागते आणि पायाही नवा, बहुधा काँक्रीटचा घ्यावा लागतो. त्यामुळे पुन्हा उभे राहिलेले मंदिर बाहेरून जुने व आतून नवे असते.

फुटलेल्या किंवा हरवलेल्या दगडांच्या जागी नवे दगड बसविताना ते ओळखू येतील असे ठेवावेत, असा संकेत आहे. मंदिराची दिशा कायम ठेवणेही आवश्यक मानतात, कारण गर्भगृहात विशिष्ट वेळी पडणारा सूर्यप्रकाश हा अनेकदा मूळ योजनेचाच भाग असतो. खडकात कोरलेल्या वास्तूंना ही पद्धत लागू पडत नाही. त्यांना सांधेच नसल्याने त्या करवतीने कापाव्या लागतात.

मंदिर सुटे करणे हे एका अर्थी उत्खननही असते. इजिप्तमधील कलाब्शाचे मंदिर उतरविताना त्याच्या बांधकामात पुन्हा वापरलेले जुने दगड सापडले. ते जुळविल्यावर आधीच्या काळातील एक पूर्ण प्रवेशद्वार उभे राहिले.

देवता पूजेत असेल, तर धार्मिक विधी आवश्यक ठरतात. मंदिर उतरविण्यापूर्वी मूर्तीतील दैवी तत्त्व कलशात आवाहन करून घेण्याच्या विधीस कलाकर्षण म्हणतात. नव्या जागी पुन्हा प्राणप्रतिष्ठा केली जाते. जीर्णोद्धाराच्या शास्त्रात अशा विधींना आधीपासून स्थान असल्याने, देवतेला तात्पुरते हलविणे परंपरेला अपरिचित नव्हते. वास्तू हलविणे मात्र परंपरेला नवे होते.

कृष्णाकाठची मंदिरे

भारतात अशा स्वरूपाचे पहिले मोठे काम आंध्र प्रदेशातील नागार्जुनकोंडा येथे झाले. इक्ष्वाकू राजांची राजधानी असलेल्या विजयपुरीचे हे खोरे नागार्जुनसागर धरणात जाणार हे निश्चित झाल्यावर, इ.स. १९५४ ते १९६० या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे विस्तृत उत्खनन केले. तिसऱ्या-चौथ्या शतकांतील स्तूप, विहार व अन्य वास्तूंपैकी निवडक वास्तू टेकडीच्या माथ्यावर पुन्हा उभारण्यात आल्या, तर काहींच्या प्रतिकृती करण्यात आल्या. धरण भरल्यावर ती टेकडी बेट झाली. आज तेथे होडीने जावे लागते.

पुढे कृष्णेवरच श्रीशैलम धरण झाले. महाबळेश्वरी उगम पावून वाई, कऱ्हाड व सांगलीवरून गेलेली ही नदी कर्नूलजवळ तुंगभद्रेला मिळते. त्या संगमावर, कूडवेल्ली येथे, बदामीच्या चालुक्यांच्या काळातील सातव्या शतकातील संगमेश्वर मंदिर होते. ते दगडागणिक सुटे करून आलमपूर येथे नेण्यात आले. पापनाशी समूहातील सुमारे दोन डझन मंदिरेही आलमपूरजवळच नव्याने रचण्यात आली.

आलमपूर येथे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. तेथील चालुक्यकालीन नवब्रह्म मंदिरे हलविण्यात आली नाहीत. जलाशयाचे पाणी आत येऊ नये म्हणून गावाभोवती संरक्षक भिंत बांधण्यात आली. परिणामी नवब्रह्म मंदिरे आपल्या जागी, परंतु नदीपासून भिंतीने तुटलेली आहेत. संगमेश्वर मंदिर सुरक्षित आहे, पण ज्या संगमामुळे त्याला ते नाव मिळाले तो संगम त्याच्याजवळ नाही. विदर्भातून येणाऱ्या प्रवाशाला हे ठिकाण सोयीचे आहे. नागपूरहून हैदराबादमार्गे कर्नूलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आलमपूरजवळून जातो.

नूबियातील मोहीम आणि देबोद

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध मोहीम इजिप्तच्या दक्षिणेकडील व सुदानच्या उत्तरेकडील नूबिया प्रदेशात झाली. आस्वान येथील उंच धरणामुळे नाईलचे शेकडो किलोमीटर लांबीचे खोरे पाण्याखाली जाणार होते. युनेस्कोने ८ मार्च १९६० रोजी जगातील सर्व देशांना साहाय्याचे आवाहन केले आणि पुढील वीस वर्षांत २२ स्मारके व स्मारकसमूह हलविण्यात आले. भारतही या मोहिमेत सहभागी होता. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पथकाने इ.स. १९६१–६२ मध्ये नूबियातील अफयेह येथे उत्खनन केले.

मोहिमेतील सर्वांत गाजलेले काम अबू सिंबेलचे आहे. दुसऱ्या रामेसेसची डोंगरात कोरलेली मंदिरे तुकडे कापून सुमारे ६५ मीटर उंच नेण्यात आली. तथापि मंदिर परदेशी शहरात जाऊन राहिल्यावर त्याचे काय होते, हे समजून घेण्यासाठी देबोदचे उदाहरण अधिक बोलके आहे.

देबोद हे आस्वानच्या दक्षिणेस सुमारे १५ किलोमीटरवर, नाईलच्या पश्चिम काठावर होते. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी मेरोई येथील राजा अदिखलमानी याने आमून देवासाठी तेथे एक लहान दालन बांधून त्याच्या भिंतींवर शिल्पे कोरविली. पुढे टॉलेमी घराण्यातील राजांनी त्याभोवती दालने वाढवून मंदिर इसिस देवीला अर्पण केले. रोमन सम्राट ऑगस्टस व टायबेरियस यांच्या काळात सजावट पूर्ण झाली. एकाच छोट्या वास्तूवर नूबियन, ग्रीक वंशाचे व रोमन असे तीन प्रकारचे राज्यकर्ते इजिप्तच्या देवांपुढे नैवेद्य अर्पण करताना दिसतात.

देबोदची दुर्दशा उंच धरणाच्या आधीच सुरू झाली होती. इ.स. १९०२ मध्ये ब्रिटिशांनी आस्वान येथे पहिले धरण बांधले व पुढे दोनदा त्याची उंची वाढविली. त्यामुळे मंदिर वर्षातील सुमारे नऊ महिने पाण्यात राहू लागले आणि त्यावरील रंग धुऊन गेले. या पहिल्या धरणामागील एक प्रमुख हेतू कापसाच्या पिकाला बारमाही पाणी मिळावे हा होता. वऱ्हाडच्या वाचकाला ही साखळी परिचित वाटेल. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) अमेरिकन कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी ज्या प्रदेशांकडे धाव घेतली त्यांत इजिप्त आणि वऱ्हाड हे दोन्ही होते. त्यानंतर वऱ्हाडात अकोला, अमरावती व खामगाव यांच्या बाजारपेठा वाढल्या आणि इ.स. १८६७ मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली. इजिप्तमध्ये कालवे आणि धरणे आली. वऱ्हाडातील कापूस पावसावर राहिला, तेथील कापूस नदीवर. कोरडवाहू कापसाने शेतकऱ्याचे काय केले हा वेगळा विषय आहे, पण ओलिताच्या कापसाने मंदिरे बुडविली, हे नोंदविले पाहिजे.

इ.स. १९६०–६१ मध्ये देबोदचे मंदिर सुटे करण्यात आले व त्याचे दगड आस्वानजवळील एलिफंटाइन बेटावर ठेवण्यात आले. (मुंबईजवळील एलिफंटा म्हणजे घारापुरीशी या बेटाचा संबंध नाही.) नूबियाच्या मोहिमेत केलेल्या साहाय्याबद्दल इजिप्तने चार मंदिरे परदेशांना भेट दिली. देबोद स्पेनला, डेंडूर अमेरिकेला, ताफेह नेदरलँड्सला आणि खडकात कोरलेले एल्लेसिया इटलीला मिळाले. इ.स. १९६८ मध्ये स्पेनला मंजूर झालेले देबोद इ.स. १९७० मध्ये अलेक्झांड्रिया बंदरातून जहाजाने व्हॅलेन्सिया येथे आणि तेथून मालमोटारींनी माद्रिदला पोहोचले. १८ जुलै १९७२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले.

मंदिरासाठी निवडलेली टेकडी रिकामी जागा नव्हती. तेथे पूर्वी लष्कराचे बराक होते आणि जुलै १९३६ मध्ये, स्पेनच्या यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, तेथे मोठा रक्तपात झाला होता. ज्या जागेच्या स्मृती शहराला नकोशा होत्या, तेथे दोन हजार वर्षांपूर्वीचे परके मंदिर आणून बसविण्यात आले.

आज उद्यानातून चालत गेल्यावर उथळ पाण्याच्या लांबट तळ्यात दोन दगडी द्वारे एकामागे एक उभी दिसतात आणि त्यांच्या मागे मंदिराची दर्शनी भिंत. तळे नाईलची आठवण म्हणून केलेले आहे. मूळ पूर्व-पश्चिम अक्ष कायम ठेवण्यात आला आहे. तांबूस-पिवळ्या वालुकाश्मात नव्याने घातलेले स्पॅनिश दगड वेगळे ओळखू येतात. आत अदिखलमानीच्या दालनातील शिल्पे व सर्वांत मागील गर्भगृहात बाराव्या टॉलेमीच्या काळातील ग्रॅनाइटचे देवघर पाहता येते. देवघर रिकामे आहे. येथे कोणी पूजा करीत नाही. सायंकाळी माद्रिदचे नागरिक मोठ्या संख्येने येतात ते मंदिरामागे मावळणारा सूर्य पाहण्यासाठी. भारतीय प्रेक्षकाच्या मनात गर्भगृहाकडे जाताना जो भाव आपोआप येतो, त्याला येथे प्रतिसाद मिळत नाही. काहींना हे खटकते, परंतु देबोदमधील पूजा स्पेनला येण्यापूर्वी कित्येक शतके बंद पडली होती, हे विसरता येत नाही.

देबोदविषयीचा खरा वाद वातावरणाचा आहे. डेंडूर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात काचेच्या दालनात व ताफेह लायडन येथील संग्रहालयात छताखाली आहे. देबोद उघड्यावर आहे. जेथे पाऊस जवळजवळ पडत नाही अशा प्रदेशातील मऊ वालुकाश्म माद्रिदचा पाऊस, हिवाळ्यातील गारठा आणि वाहनांचा धूर सोसत आहे. मंदिरावर आच्छादन घालावे, अशी मागणी तज्ज्ञ वेळोवेळी करतात. तसे केल्यास आकाशाखाली उभ्या असलेल्या मंदिराचे रूप बदलेल, असा विरोधी मुद्दा मांडला जातो.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात मोठ्या धरणांची संख्या भारतातील अन्य कोणत्याही राज्यापेक्षा जास्त आहे, तरी मंदिर दगडागणिक हलविण्याचे काम येथे रूढ झाले नाही. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयात, पळसदेवचे पळसनाथ मंदिर उभे आहे. धरण इ.स. १९८० मध्ये पूर्ण झाले. पाणी भरलेले असताना शिखराचा भागच दिसतो आणि दुष्काळी वर्षांत सबंध मंदिर, वीरगळ व कोरीव स्तंभ उघडे पडतात. गावकऱ्यांनी देवाची स्थापना नव्या पळसदेवात केली. मावळातील पवना जलाशयातील वाघेश्वर मंदिरही असेच उन्हाळ्यात दिसते. गुजरातमध्ये नर्मदेवरील सरदार सरोवरात शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले व गोरा गावाजवळ नवे बांधण्यात आले. नंदुरबार जिल्ह्यातील भाविकांना हे क्षेत्र जवळचे आहे.

बेसाल्टचा काळा दगड वालुकाश्मापेक्षा पाण्यात अधिक टिकतो. पळसनाथ चार दशकांनंतरही उभे आहे, त्याचे हे एक कारण. परंतु पाणी सतत स्थिर असते तोवरच धोका कमी असतो. दर वर्षी भिजणे व वाळणे, लाटांचा मारा, सांध्यांत साचणारा गाळ आणि पाणी ओसरल्यावर येणाऱ्या पर्यटकांचे चढणे-उतरणे, यांमुळे दगड हळूहळू सुटतात.

वऱ्हाडाची मुख्य नदी पूर्णा ही सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून वाहते आणि जळगाव जिल्ह्यातील चांगदेव येथे तापीला मिळते. संगमावरील यादवकालीन चांगदेव मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. खाली तापीवर हतनूर धरण झाल्यावर त्याचे पाणी संगमापर्यंत मागे आले. मंदिर उंचावर असल्याने वाचले, ते हलविण्याची वेळ आली नाही. पूर्णेच्याच खोऱ्यात दर्यापूर तालुक्यातील लासूरचे आनंदेश्वर आणि अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीचे कालिकादेवी मंदिर ही यादवकालीन शिल्पकलेची उत्तम उदाहरणे आपापल्या जागी आहेत. वऱ्हाडात अप्पर वर्धा, काटेपूर्णा, वाण व शहानूर या प्रकल्पांमुळे गावे उठली. मोर्शीजवळील अप्पर वर्धा जलाशयाला नल-दमयंती सागर असे नाव आहे. राज्य आणि घर दोन्ही सोडावे लागलेल्या जोडप्याचे नाव विस्थापनाच्या जलाशयाला मिळावे, हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात नसणार.

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने इ.स. १९७६ मध्ये कायदा केला व नंतर त्यात दोनदा नवे कायदे आणले. गावठाण, पर्यायी जमीन व नागरी सुविधा हे या कायद्यांचे विषय आहेत. प्राचीन स्मारकांचा विचार वेगळ्या कायद्याने, इ.स. १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाने व राज्याच्या अधिनियमाने होतो. त्यामुळे जे मंदिर संरक्षित यादीत नाही, पण गावाच्या जीवनाचे केंद्र आहे, ते दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत राहते.

मतमतांतरे

इ.स. १९६४ च्या व्हेनिस सनदेतील सातव्या कलमानुसार स्मारक हे त्याच्या इतिहासापासून व परिसरापासून वेगळे करता येत नाही. त्याच्या रक्षणासाठी अपरिहार्य असेल किंवा तितकेच महत्त्वाचे राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय हित असेल, तरच स्थलांतर मान्य करावे असे ती सांगते. नूबियाची मोहीम ऐन भरात असतानाच ही सनद झाली. या अपवादाच्या मागे तीच पार्श्वभूमी असावी.

स्थलांतराच्या बाजूने बोलणारे अभ्यासक म्हणतात की बुडालेल्या मंदिरापेक्षा हललेले मंदिर बरे, कारण पुढील पिढ्यांना निदान त्याचा अभ्यास करता येतो. दुसऱ्या बाजूचा आक्षेप असा की, मंदिर वाचविल्याच्या समाधानात गाव बुडविल्याचा प्रश्न मागे पडतो. नूबियात स्मारकांच्या रक्षणासाठी जगभरातून पैसा उभा राहिला, पण तेथील सुमारे एक लाख नूबियन लोकांना आपले खोरे सोडावे लागले. त्यांच्या घरांच्या रंगविलेल्या भिंती कोणी क्रमांक घालून उतरविल्या नाहीत. कुर्डीतही एक मंदिर आणि एक मूर्ती बाहेर आली, घरांची जोती तेथेच राहिली.

हे दोन्ही मुद्दे एकमेकांना खोडत नाहीत. मंदिर वाचविण्याचा निर्णय पुरातत्त्व विभागाचा असतो आणि धरणाचा निर्णय त्याच्या पुष्कळ आधी, दुसऱ्या खात्यात झालेला असतो.

भेटीविषयी

कुर्डीला जाण्यासाठी एप्रिलअखेर ते मेअखेर हा काळ योग्य असतो, मात्र जलाशयाची पातळी दर वर्षी वेगळी असल्याने गाव किती उघडे पडेल हे त्या वर्षीच्या पाण्यावर अवलंबून असते. महादेव मंदिर वर्षभर पाहता येते. दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात पाहिल्यास विषय अधिक नीट उमगतो. पळसनाथचे दर्शनही उन्हाळ्याच्या अखेरीस, उजनीची पातळी खालावल्यावरच घडते. होडी न लागता चालत जाता येईल इतके पाणी दर वर्षी ओसरत नाही. गाळ वरून कोरडा दिसला तरी आत मऊ असतो, त्यामुळे स्थानिक मच्छीमारांना विचारूनच पुढे जावे. माद्रिद येथील देबोद मंदिरात जाण्यास शुल्क नाही, पण दालने लहान असल्याने एका वेळी मोजक्याच लोकांना प्रवेश मिळतो.